संस्थानी पदकें व त्यांचा संग्रह

जुनीं नाणीं जमविणारे गृहस्थ आपल्या समाजांत पुष्कळ आहेत. शिवराई, होन, चांदवडी रुपया, अंकुशी रुपया हीं नांवें तरी सुशिक्षित घरांतून बहुतेकांच्या कानांवरून गेलेलीं असतात. परंतु पदकें जमविणारा मनुष्य भेटला कीं लोक त्याच्याकडे जरा चमत्कारिक दृष्टीनें पाहतात. पदक ज्याचें त्यानें मिळवावयाचें असतें. दुसऱ्याचें पदक आपल्या पेटींत ठेवणें म्हणजे दुसऱ्याची पदवी आपल्या नांवापुढें लावण्यासारखेंच नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न अगदींच गैरवाजवी नाहीं. नाणें जन्मतःच हातोहात फिरण्याकरितां असतें. पदक एकाच छातीवर राहण्याकरितां पाडलेलें असतें. तें दुसऱ्याच्या हातीं गेलें याचा अर्थच असा कीं, मध्यें कांहीं तरी घडलें आहे. घर मोडलें, वंश खुंटला, पैशाची नड पडली, किंवा ज्या राज्यानें तें दिलें तें राज्यच राहिलें नाहीं. आमच्या मतें या मध्यें घडलेल्या गोष्टीमुळेंच पदकांचा संग्रह इतिहासाच्या अभ्यासकाला नाण्यांच्या संग्रहाहून अधिक शिकवितो, आणि आपल्या माजी संस्थानांच्या पदकांना तर हें विशेषच लागू आहे.

आम्ही राहतों ती नवी मुंबई असल्या विषयाला सोयीची जागा नव्हे, असें कोणासहि वाटेल. १९७० सालीं सिडको या सरकारी मंडळाची स्थापना झाली, आणि त्यानंतर ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेकडील भातखाचरांवर व मिठागरांवर हें शहर उभें राहिलें. येथें राजवाडा नाहीं, सराफांची जुनी आळी नाहीं. आसपास पाहूं गेल्यास दक्षिणेस जंजिरा, आग्नेयेस भोर संस्थानचा सुधागड तालुका आणि उत्तरेस जव्हार अशीं लहान संस्थानें एके काळीं होतीं, इतकेंच. पण येथील वस्ती कोठून आली हें पाहिलें म्हणजे चित्र बदलतें. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील इमारतींतून कोल्हापूर, सांगली, बडोदें, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणांहून आलेलीं कुटुंबें नांदत आहेत, आणि त्यांच्या कपाटांत आजोबा-पणजोबांच्या सनदा, पिंवळे पडलेले फोटो व क्वचित् एखादें पदकहि असतें. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत माळा नसतो. घर बदलतांना जुनी, निरुपयोगी व अनोळखी वस्तु प्रथम बाहेर जाते, आणि नातवाच्या दृष्टीनें आजोबांचें पदक या तिन्ही सदरांत बसतें.

‘पदक’ हा शब्द आपल्या भाषेंत जुना आहे, पण त्याचा जुना अर्थ गळ्यांतील माळेचा मधला दागिना एवढाच. मराठी राज्यांत पराक्रमाचा गौरव होई तो वस्त्रें, शिरपेच, मोत्यांचा तुरा, सोन्याचें कडें, हत्ती-घोडा, पालखीचा अथवा अबदागिरीचा मान, आणि सर्वांवर कडी म्हणजे गांव इनाम किंवा सरंजाम, अशा रूपांनीं. या गौरवांत आणि पदकांत एक मोठा भेद आहे. इनामावर पिढ्यान् पिढ्या जगत. कडें अडचणीच्या वेळीं मोडतां येई, आणि मोडल्याबद्दल कोणी नांवें ठेवीत नसे. पालखीच्या मानाबरोबर पालखीच्या खर्चाची नेमणूक होई. पदकाबरोबर कांहींच मिळत नाहीं. ‘तूं अमुक ठिकाणीं होतास’ एवढेंच तें सांगतें. ज्याच्यापाशीं द्यावयास जमीन आहे तो जमीन देतो, ज्याच्यापाशीं ती उरली नाहीं तो पदक देतो, हें विधान युरोपांतील राजांच्या बाबतींत टिकणार नाहीं; पण आमच्या संस्थानिकांच्या बाबतींत तें पुष्कळ अंशीं खरें आहे.

मराठ्यांचा आणि पदकांचा मोठा संबंध आला तो मात्र पराभूताच्या बाजूनें. १८५१ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या मंजुरीनें ‘आर्मी ऑफ इंडिया’ या नांवाचें रुप्याचें पदक काढण्यांत आलें. १८०३ पासून १८२६ पर्यंतच्या ठराविक लढायांत जे लढले होते, आणि जे तोंपर्यंत हयात होते, त्यांनाच तें मिळावयाचें होतें. असईच्या रणांगणांतून जिवंत परतलेल्या शिपायाला अठ्ठेचाळीस वर्षांनीं पदक! तोंवर किती शिपाई उरले असतील, याचा विचार करावा म्हणजे हें पदक आज इतकें दुर्मिळ कां, हें कळेल. पदकाच्या फितीवर लढाईच्या नांवाची रुप्याची आडवी पट्टी असे. अशा पट्ट्या एकंदर २१ प्रकारच्या. त्या ओळीनें लिहून काढाव्या: अलीगड, दिल्ली, असई, अशीरगड, लासवारी, अडगांव, गाविलगड, दिल्लीचा बचाव, डीगची लढाई, डीगचा पाडाव, नेपाळ, खडकी, पुणें, खडकी व पुणें, सीताबर्डी, नागपूर, सीताबर्डी व नागपूर, महिदपूर, कोरेगांव, आवा आणि भरतपूर. यांतून नेपाळ, ब्रह्मदेशांतील आवा व भरतपूर वगळलीं तर उरलेल्या १८ पट्ट्या शिंदे, होळकर, भोसले व पेशवे यांच्याशीं झालेल्या युद्धांतल्या आहेत. नांव हिंदुस्थानच्या सैन्याचें, पण पदक वस्तुतः मराठेशाहीच्या अस्ताचें.

तथापि हें पदक केवळ परक्याच्या विजयाचें होतें असेंहि म्हणतां येत नाहीं. कंपनीच्या पलटणींतील शिपाई याच देशांतले. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवास मुंबई इलाख्याच्या पलटणींतील महार शिपाई ज्या चिवटपणानें लढले त्याची साक्ष तेथील स्तंभ देतो. शनिवारवाड्याच्या आठवणीनें ज्याचा गळा दाटून येतो त्याला ‘कोरेगांव’ ही पट्टी एक सांगेल. ज्याच्या पूर्वजाला वाड्याच्या दरवाजांतून मान वर करून जातां येत नव्हतें त्याला ती निराळेंच सांगेल. पट्टी तीच. संग्राहकाला दोन्ही अर्थ ठाऊक असले पाहिजेत.

याहूनहि बोलकें पदक ग्वाल्हेरच्या मोहिमेचें. १८४३ सालीं जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांची तरुण विधवा ताराबाई हिनें बाल जयाजीरावांस दत्तक घेतलें, आणि दरबारांत कारभाराकरितां तंटे माजले. ही संधि साधून गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो सैन्यासह चंबळ उतरून आला. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशीं महाराजपूर व पनियार येथें दोन लढाया झाल्या. महादजींच्या काळापासून नांवाजलेल्या शिंद्यांच्या तोफखान्यानें जागा न सोडतां मारा केला. एकट्या महाराजपुरास इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून जवळजवळ ८०० माणसें पडलीं. लढाईनंतर हातीं लागलेल्या त्या तोफांच्या धातूचेंच पदक करण्याचें एलेनबरोनें ठरविलें. कलकत्त्यास सहा कोनांचे तारे तयार झाले. मध्यभागीं रुप्याचा लहान तारा, त्यावर लढाईचें नांव व तारीख. ताऱ्याला फीत नव्हती. डगल्यास अडकविण्यासाठीं पाठीमागें नुसता आंकडा. पुढें कित्येकांनीं पदरच्या खर्चानें त्यास कडी व फीत लावून घेतली. सेनापतीच्या कुटुंबांतील व इतर अशा चार स्त्रिया त्या दिवशीं तोफांच्या माऱ्यांत सांपडल्या होत्या. त्यांना एलेनबरोनें सोन्याचे, मीना केलेले तारे नजर केले!

तोफेच्या धातूचें पदक म्हटलें कीं सुशिक्षितांस व्हिक्टोरिया क्रॉस आठवतो. परंतु त्याची स्थापना १८५६ सालची. शिंद्यांच्या तोफा त्यापूर्वींच वितळल्या होत्या. पुढें ग्वाल्हेर दरबारचें वाहतूक पथक १८९५ सालीं चित्रळच्या व १८९७ सालीं तिऱ्हाच्या मोहिमेंत इंग्रजांच्या बाजूनें गेलें. म्हणजे आजा ज्या तोफेशीं उभा होता ती इंग्रज सोल्जराच्या छातीवर तारा होऊन बसली, आणि नातू त्याच इंग्रजाचें पदक आपल्या छातीवर लावून घरीं आला, असें एकाच कुटुंबांत घडणें मुळींच अशक्य नव्हतें. ५०-५५ वर्षांत राज्यांचें काय होतें हें समजावयास दुसरें उदाहरण नको.

दरबारी पदकांचा इतिहास पुष्कळांस माहीत आहे, म्हणून तो थोडक्यांत सांगतों. १ जानेवारी १८७७ रोजीं लॉर्ड लिटननें दिल्लीस दरबार भरवून राणीचा ‘कैसर-इ-हिंद’ हा किताब जाहीर केला. त्या प्रसंगाचें पदक संस्थानिकांना सोन्याचें व इतरांना रुप्याचें देण्यांत आलें. तें छातीवर नव्हे, गळ्यांत घालावयाचें होतें. गळ्यांतील पदकाचा आपला जुना अर्थ अशा रीतीनें परत आला खरा, पण माळ दुसऱ्याच्या हातची! त्या दरबारांत तेरा वर्षांचे सयाजीराव गायकवाड हजर होते, व त्यांना ‘फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया’ म्हणजे इंग्रज दौलतीचे खास पुत्र हा किताब मिळाला. हेच खास पुत्र १२ डिसेंबर १९११ च्या दरबारीं जडजवाहीर न घालतां बादशहापुढें गेले, एकदांच लवले, आणि पाठ वळवून चालूं लागले. त्यावर विलायतेंतील वर्तमानपत्रांनीं केवढें काहूर उठविलें तें प्रसिद्धच आहे. त्या दरबारचीं रुप्याचीं पदकें हजारोंनीं वांटलीं गेलीं, बाजारांत तीं आजहि सांपडतात. पण न घातलेल्या अलंकारांची आठवण त्यांहून अधिक टिकली.

आतां संस्थानांच्या स्वतःच्या पदकांकडे वळूं. तीं कां निघालीं हें समजण्यासाठीं आधीं टांकसाळीकडे पाहिलें पाहिजे. नाणें पाडणें हें राजेपणाचें जुनें लक्षण. १८७६ च्या कायद्यानें संस्थानांना आपलीं नाणीं इंग्रज सरकारच्या टांकसाळींत पाडून घेण्याची ‘सवलत’ मिळाली; धारच्या व देवासच्या पवारांनीं ती घेतली. १८८७-८८ चे त्यांचे तांब्याचे पैसे पाहावेत: संस्थानचें नांव आहे, मुखवटा व्हिक्टोरिया राणीचा! बडोद्याच्या रुपयावर सयाजीरावांची मुद्रा आणि ‘सेना खासखेल समशेर बहादर’ ही सातारच्या छत्रपतींकडून आलेली पदवी कांहीं वर्षें झळकली. पण विसाव्या शतकाच्या आरंभीं बडोद्यानेंहि इंग्रजी रुपया स्वीकारला. ग्वाल्हेरचीं तांब्याचीं नाणीं पुढें पुष्कळ वर्षें चालूं होतीं, तेव्हां सर्वांच्याच टांकसाळी थंडावल्या असें नाहीं. परंतु जेथें त्या थंडावल्या तेथें राजाचें नांव धातूवर उमटविण्याची एकच वाट राहिली, ती पदकाची.

त्या वाटेवरहि पहारा होताच. बहुमानाचा उगम एकच, व तो म्हणजे बादशहा, अशी सार्वभौम सरकारची भूमिका असे. संस्थानिकांनीं इंग्रजी ‘ऑर्डर’च्या धर्तीवर आपले वर्ग व तारे काढावेत हें त्यांस रुचत नसे, राज्यारोहण, जन्मदिवस, रौप्य किंवा हीरक महोत्सव, दीर्घ नोकरी, पोलिसांची कर्तबगारी असल्या निमित्तांच्या पदकांकडे मात्र कानाडोळा करीत. म्हणून संस्थानी पदकांत एकीकडे हिऱ्यामाणकांचे तारे, तर दुसरीकडे शाळेच्या बक्षिसासारखीं साधीं चकत्यांचीं पदकें, असा विलक्षण मेळ दिसतो. कांहीं लंडनच्या स्पिंकसारख्या पेढीनें पाडलेलीं, कांहीं दरबारच्या सोनारानें ओतून कानस फिरविलेलीं. जुन्या नटांचे, गवयांचे व मल्लांचे फोटो पाहिले कीं कोटाच्या दोन्ही बाजूंस पदकांच्या रांगा दिसतात. त्यांतलीं कित्येक असल्या दरबारांचीं. आम्हांस हीं गरीब पदकें अधिक प्रिय आहेत, हें येथें सांगून टाकतों.

लहान संस्थानच्या पदकाचें एक उदाहरण वाङ्मयाच्या वाचकांना मौजेचें वाटेल. इंग्रज कादंबरीकार ई. एम्. फॉर्स्टर हा १९२१ सालीं देवास थोरली पाती या संस्थानचे अधिपति तुकोजीराव पवार यांच्या पदरीं खासगी चिटणीस म्हणून कांहीं महिने होता. त्याच्या कामाबद्दल दरबारानें त्याला तुकोजीराव तिसरे यांच्या नांवाचें सुवर्णपदक दिलें. ‘ए पॅसेज टु इंडिया’ ही त्याची कादंबरी पुढें १९२४ सालीं निघाली, आणि देवासच्या आठवणींचें ‘द हिल ऑफ देवी’ हें पुस्तक १९५३ सालीं. मध्यंतरीं तुकोजीराव कर्जांत बुडाले, १९३३ च्या अखेरीस पाँडिचेरीस निघून गेले आणि १९३७ सालीं तेथेंच वारले. ज्या राज्याच्या पैशावर राणीचा मुखवटा होता त्याच्या सोन्याच्या पदकावर निदान स्वतःच्या राजाचें नांव होतें. आणि तें लावण्याचा मान एका इंग्रजाला मिळाला. यांत विनोद किती व करुण किती, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

स्वातंत्र्यानंतर हा सारा व्यवहार थोडक्या महिन्यांत आटोपला. दक्षिणेकडील लहान संस्थानें ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालीं. ग्वाल्हेर व इंदूर त्याच वर्षीं मध्य भारतांत गेलीं. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला व बडोदें १ मे १९४९ ला. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या अठराव्या कलमानें किताबच रद्द केले, आणि १९७१ सालीं तनखेहि बंद झाले. २१ तोफांची सलामी असलेल्या बडोद्याचें व ९ तोफांच्या भोरचें पदक एकाच दिवशीं नव्हे, पण एकाच अर्थानें निरर्थक झालें: तें लावून जावयाचा दरबार उरला नाहीं. त्यानंतर पदकांचें वैर मुशीशीं. १९६३ मध्यें सुवर्णनियंत्रण आलें. घरांतलें सोनें जाहीर करण्याच्या कटकटीपेक्षां तें मोडून टाकणें बऱ्याच जणांस बरें वाटलें. जानेवारी १९८० मध्यें जगभर चांदीचा भाव कधीं नव्हता इतका चढला, तेव्हां जी चांदी आटली तींत जुनीं भांडीं, नाणीं व पदकें किती गेलीं याची मोजदाद कोण करणार? सराफ पदक तराजूंत टाकतो तेव्हां त्याचा दोष नाहीं. तराजूला अक्षरें वाचतां येत नाहींत.

उरलेलीं पदकें मुंबईच्या चोरबाजारांत, पुण्याच्या जुन्या बाजारांत व लिलावांत येतात. नवख्या संग्राहकाची नजर प्रथम सोन्याकडे व खड्यांकडे जाते. वस्तुतः त्यानें प्रथम कड पाहावी. इंग्रजी युद्धपदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचें नांव, नंबर व पलटण कोरलेली असते. ग्वाल्हेरच्या ताऱ्यावर तीं पाठीमागें असतात. संस्थानी पदकांवर असें नांव पुष्कळदां नसतें, आणि हीच मोठी अडचण आहे. नांव नसलेल्या पदकाचा धनी त्याच्या सोबतच्या हुकूमनाम्यानें, फोटोनें किंवा घरच्या सांगण्यानेंच सिद्ध होतो. व्यापारी मात्र एका मनुष्याचीं पांच पदकें पांच गिऱ्हाइकांना विकतो, कागद रद्दींत घालतो, आणि त्या मनुष्याचें चरित्र पांच गांवीं विखुरतें. आमच्या दृष्टीनें असा मोडलेला संच मुशींत गेलेल्या पदकाहून फारसा बरा नव्हे.

दुसरी गोष्ट घासण्याची. रांगोळीनें किंवा चिंचेनें घासून लख्ख केलेल्या पदकाचा उठाव झिजतो, आणि झिजलेला मुखवटा परत येत नाहीं. तिसरी गोष्ट नकलांची: ओतीव नकलेचीं अक्षरें बोथट असतात, पृष्ठावर बारीक छिद्रें दिसतात, वजन जुळत नाहीं. या कामीं टोनी मॅक्लेनाहन या इंग्रज अभ्यासकाचा संस्थानी पदकांवरील ग्रंथ, जो १९९६ सालीं दिल्लीस प्रसिद्ध झाला, तो हाताशीं असावा. मराठींत असा ग्रंथ कोणीं तरी लिहावयास हवा. कारण मोडी रुमालांत पडलेले दरबारी हुकूम वाचण्याची सोय आपल्याकडेच आहे, लंडनमध्यें नाहीं. कायद्याचीहि आठवण ठेवावी: १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील अशी वस्तु खासगी मनुष्यास परदेशीं पाठवितां येत नाहीं. १९११ चें दरबारी पदक या मर्यादेंत आलेलें आहे. बडोद्याच्या १९३६ च्या हीरक महोत्सवाचें २०३६ सालीं येईल.

त्या १९३६ च्या पदकाचीच एक हकीकत सांगतों. सयाजीरावांच्या कारकीर्दीस साठ वर्षें झालीं म्हणून जानेवारी १९३६ मध्यें बडोद्यास मोठा उत्सव झाला, आणि महाराजांनीं खेड्यांच्या सुधारणेकरितां एक कोट रुपयांचा निधि जाहीर केला. पदकेंहि वांटण्यांत आलीं. गेल्या वर्षीं नेरूळच्या एका वृद्ध बाई आमच्याकडे तसलें एक पदक घेऊन आल्या. त्यांचे आजोबा नवसारी प्रांतांत प्राथमिक शाळेचे शिक्षक होते. ज्या राज्यानें १९०६ सालींच मुलामुलींचें शिक्षण सक्तीचें केलें त्या राज्याचे शिक्षक. पदकाबरोबरचा कागद दोन बिऱ्हाडांपूर्वीं गेला होता. ‘याचे किती येतील?’ असें त्यांनीं विचारलें, आणि बाजारभाव आम्हीं सांगितला तेव्हां त्यांचा चेहरा उतरला. तो काय त्या महिन्याच्या औषधांनाहि पुरला नसता. मग आजोबांविषयीं विचारतां विचारतां दीड तास गेला. शाळेचें गांव, ओसरीवर भरणारे वर्ग, अंत्यज मुलांना वेगळें बसविण्यावरून पालकांशीं झालेला तंटा, पदक मिळाल्यावर आजीनें देवापुढें ठेवलेली साखर, सर्व निघालें. आम्हीं तें त्यांच्याच हातानें एका ताव कागदावर लिहवून घेतलें व खालीं तारीख घालविली. पदक त्यांनीं विकलें नाहीं. त्या कागदाची घडी आतां डबींत पदकाच्या खालीं आहे. डबी जुन्या चष्म्याची आहे, आणि झांकण नीट लागत नाहीं म्हणून तिला दोरा गुंडाळला आहे.